आधी अंडं

कुलूप धाकट्यानेच बसवलं. दुसरं कोण बसवणार? घरात किल्लीवाला एकच.

डबा साधा स्टीलचा, फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवायचा. आत आईचं इन्सुलिन. झाकणाला भोक पाडलं, कोयंडा रिबिट मारून पक्का केला, छोटं पितळी कुलूप अडकवलं आणि दाबलं. खट्. सोबत आलेल्या दोन्ही किल्ल्या त्याने वहिनीच्या हातावर ठेवल्या.

"एवढ्याच ना, भाऊजी?"

"एवढ्याच."

वहिनीने एक किल्ली गळ्यातल्या साखळीत ओवली, दुसरी दादाकडे दिली. दादा दारात उभा राहून शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होता. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायला होता, दिवसभर लोकांच्या काचा लख्ख करायचा, आणि सगळ्या बिल्डिंगमध्ये मळका चष्मा त्याचाच.

"बरं झालं," दादा म्हणाला. "आता प्रश्नच मिटला."

मिटला कसला! तिघांनाही ते कळत होतं, फक्त बोलायचं कुणी? ज्याने कुलूप बसवलं त्याला उघडायला किल्ली लागत नाही. धाकटा ते कुलूप एका हाताने उघडू शकला असता, दुसऱ्या हातात चहाचा कप धरून. जगातलं कुठलंही कुलूप त्या घरात त्याच्या बाजूने साक्ष द्यायला येणार नव्हतं.

तो हत्यारं गोळा करून मुकाट्याने खाली गेला.

तर झालं होतं असं.

दादा-वहिनीची मुलगी भिंगरी. दीड वर्षाची. कागदावर नाव वेगळं आहे, पण चालायला लागल्यापासून ती एका जागी उभी राहिलेली कुणी पाहिली नाही, म्हणून भिंगरी. दादा दुकानात, वहिनी शिलाईच्या कारखान्यात दिवसभर कॉलर जोडते. घरात आई, पण तिला नीट दिसत नाही, डोळे साखरेनेच नेले. धाकट्याची टपरी बिल्डिंगच्या खालीच, जिन्याला चिकटून. लग्न नाही, कटकट नाही. मग सकाळी आईला सुई टोचायची कुणी, धाकट्याने. दुपारी वर येऊन भिंगरीला भरवायचं कुणी, धाकट्यानेच. तो कधी कुरकुरला नाही. उलट त्याला ते आवडायचं. टपरीवर लोक नुसती किल्ली समोर टाकतात आणि फोनवर बोलत राहतात, इथे निदान कुणीतरी तोंड उघडून वाट बघतंय.

भरवायचा त्याचा एक नियम होता. आधी अंडं. उकडलेलं, कुस्करून, चिमूटभर मीठ. भात मागून. भात आधी दिला की पोट भरतं आणि अंडं ताटात राहतं, आणि ताकद तर अंड्यात.

ह्या अंड्यामागे गोष्ट आहे. दोघं लहान असताना घरात अंडी कधीतरीच यायची आणि आली की प्रत्येकाला एकच मिळायचं. दादा आपलं अंडं टेबलाखालून धाकट्याच्या हातात सरकवायचा. "खा गुपचूप, आईला सांगू नको." धाकटा खायचा. दोन अंड्यांवर वाढला तो, आणि दंड बघा त्याचे, कुलपाची दुकानं शटरसकट उचलेल. दादा मात्र काडी तो काडीच राहिला. ही गोष्ट धाकट्याने कधी कुणाला सांगितली नाही, पण विसरलाही नाही. आपल्या तोंडातला घास काढून देणारा भाऊ किती जणांना असतो? मग दादाच्या पोरीला तो अंडं भरवायचा. रोज. जीव लावून.

जेवण झालं की भिंगरी पेंगायची. काकाच्या मांडीवरच मान टाकायची. वहिनी कारखान्यात कौतुकाने सांगायची, "आमचे भाऊजी म्हणजे झोपेचं औषध आहेत बाई. त्यांनी भरवलं की पोरगी गुडुप."

एका दुपारी ती गुडुप झाली ती वेगळीच. घामाने चिंब, डोळे वर, एक हात झटके देत होता. धाकट्याने तिच्या हिरड्यांवर साखर चोळली, हाका मारल्या, आणि तशीच खांद्यावर टाकून अनवाणी पळत सुटला. दवाखान्यात नर्सने बोटाला टोचून मशीन बघितलं, मग दुसरं मशीन आणून बघितलं. पहिल्यावर तिचा विश्वास बसेना, साखर इतकी खाली होती. सलाइन लागलं. थोड्या वेळात भिंगरी नर्सच्या खिशातलं पेन मागायला लागली. धाकटा तिथे जमिनीवरच बसला आणि रडला. लाज सोडून.

डॉक्टर बाई होत्या, वयस्कर, हळू बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "साखर नाही, आणि रक्तात इन्सुलिन मात्र भरपूर. हे उलटं आहे. साखर उतरली की शरीर इन्सुलिन थांबवतं. पुढची तपासणी करायला त्या वेळचं रक्त पुरलं नाही. सलाइन लावल्यावर घेतलेलं कामाचं नाही."

मग भिंगरीला दवाखान्यात ठेवून उपाशी ठेवलं. मुद्दाम. किती वेळ साखर टिकते ते बघायला. आई-बापाशिवाय आत कुणाला परवानगी नव्हती. भिंगरीने ओरडून वॉर्ड डोक्यावर घेतला, दादाचा चष्मा फेकला, पण साखर जागची हलली नाही. टिकली. दादाला वाटलं, सुटलो. तो पेढे मागवल्यासारखा हसत डॉक्टरबाईंकडे गेला.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "घरात इन्सुलिन कोण घेतं?"

"आई."

"देतं कोण?"

दादाने उत्तर दिलं. खरं तेच दिलं. पण घरी येऊन हे सगळं सांगताना त्याने धाकट्याकडे बघितलं नाही, पंख्याकडे बघत सांगितलं.

त्या दिवसापासून घराचं हवामानच बदललं. भांडण नाही, आरडाओरड नाही. तेच वाईट. भांडण झालं असतं तर धाकट्याने उलट भांडून मोकळं केलं असतं मन. इथे सगळे गोड बोलत होते. "भाऊजी, तुम्ही कशाला जिना चढता, आईच भरवतील तिला." "धाकट्या, तू जरा आराम कर ना." वहिनी कारखान्यातून अर्धा दिवस सुट्टी मागून यायला लागली. सुईसुद्धा तीच टोचायला लागली. आईला ते बिलकुल पटलं नाही.

"तुझा हात जड आहे गं," आई बिचारी मोठ्यांदा म्हणाली. "धाकट्याने टोचलं की कळायचंसुद्धा नाही."

वहिनीचा हात तिथेच थांबला. धाकटा दारात चपला घालत होता. आईला काही दिसलं नाही. तिला खरंच काही दिसत नाही.

टपरीवर बसून धाकटा किल्ल्या घासायचा आणि स्वतःचीच उलटतपासणी घ्यायचा. सुई टोचल्यावर झाकण लावलं होतं ना? सिरिंज खाली पडली नसेल? पोरीच्या हाताला लागली नसेल? तिने तोंडात घातली असेल? रोज विचार करायचा आणि रोज एक नवं भोक सापडायचं. माणसाला निर्दोष असल्याचं आठवत नाही हो. चूक केलेली आठवते, न केलेली चूक कुठून आठवणार? काही दिवसांनी त्याला वाटायला लागलं की असेलही. आपल्याच हाताने झालं असेल, आणि आपल्यालाच माहीत नाही.

पळून जावं तर? कुठेतरी खोली घेऊन राहावं? गेला की लोक म्हणणार, बघा, पळाला. राहिला की म्हणणार, बघा, अजून चिकटून बसलाय. टपरी सरळ जिन्याखाली. वरून भिंगरीची पावलं ऐकू यायची, थप थप थप थप. तिने काका म्हणून हाक मारली की तो ग्राइंडर चालू करायचा.

मग कुलूप बसवलं. ती आयडियासुद्धा त्याचीच. त्याला वाटलं, ह्याने तरी मोकळा श्वास घेतील सगळे.

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी तो डबा घ्यायला वर गेला. स्वतःचा जेवणाचा डबा. दारातच उभा राहिला, हल्ली तो उंबरा ओलांडायचा नाही. आई भिंगरीला भरवत होती, चाचपत चाचपत, निम्मं तिच्या गालाला. वहिनी मोरीत कपडे धूत होती.

"संपलं का जेवण?" त्याने विचारलं.

"अंडं संपलं, भात खायला तयार नाही," आई म्हणाली. "तू शिकवलंस तसंच करते हो मी. आधी अंडं."

भिंगरीने काकाला बघितलं. उठली. त्याच्याकडे यायला निघाली, पण पावलं वाकडी पडत होती, दारू प्यालेल्या माणसासारखी. धाकट्याने हात पुढे केले आणि ती त्यात पडली. ओली. घामाने.

"वहिनी!"

वहिनी हाताला फेस तसाच घेऊन आली. तिला दिसलं ते एवढंच. पोरगी बेशुद्ध, आणि धाकट्याच्या हातात.

"काय केलंत?" ती किंचाळली. "काय केलंत तिला?"

घरात साखर मोजायचं मशीन दिलेलं होतं. आकडा आला तो सांगण्यासारखा नव्हता. वहिनीने पोरीला ओढून घेतलं, रिक्षात टाकलं. धाकटा मागच्या रिक्षाने गेला. जायच्या आधी त्याने एक मूर्खपणा केला. फ्रिज उघडून कुलूप बघितलं. लागलेलं होतं. जसंच्या तसं. त्याला आतून बरं वाटलं, अगदी एक क्षण. मग लक्षात आलं की त्याला सोडून कुणालाच ह्याचं बरं वाटणार नाही.

आणि तसंच झालं. दादा दुकानातून थेट दवाखान्यात आला. "कुलूप लागलेलं होतं ना?" त्याने विचारलं.

"होतं," धाकटा म्हणाला. "मी बघितलं."

"तू बघितलंस," दादा म्हणाला. मग पुढे म्हणाला, "तुला कुलूप म्हणजे काय रे? तुला कुलूप म्हणजे पडदा."

धाकट्याला हसू आलं. नको त्या वेळी. वाक्य खरंच चांगलं होतं. दादाने ते हसू बघितलं, आणि संपलंच.

ह्या वेळी मात्र नर्सने शहाणपणा केला होता. सलाइन लावायच्या आधी रक्त काढून घेतलं होतं, पुरेसं.

दुसऱ्या दिवशी धाकट्याला बोलावणं आलं. दवाखान्यात लहान मुलांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या एक बाई होत्या. मवाळ चेहरा, केस घट्ट बांधलेले, प्रत्येक प्रश्नाआधी "राग मानू नका" म्हणायच्या. त्यांची खोली म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात मोडकी व्हीलचेअर, खिडकी नाही. आत गेल्यावर बाईंनी दार ओढून घेतलं तेव्हाच धाकट्याला आवाज आवडला नाही. आतली मूठ सैल होती. कुलपाची जीभ अडकणार, त्याला वाटलं. पण बोलला नाही.

"राग मानू नका. तुमच्या मनात घरातल्या कुणाविषयी काही आहे?"

"नाही."

"भावाचं लग्न झाल्यावर तुम्हाला एकटं वाटलं?"

"खोली बदलायला लागली. गॅलरीत झोपतो. थंडीत वाईट वाटतं."

बाईंनी लिहून घेतलं. धाकट्याला वाटलं, झालं, गॅलरी पण आपल्या विरोधात गेली.

"राग मानू नका. पोरीवर तुमचं प्रेम आहे?"

ह्याचं उत्तर कसं द्यायचं? हो म्हणावं तर सगळेच म्हणतात. बाई पाणी आणते म्हणून उठल्या आणि मूठ फिरवली. मूठ फिरली. दार नाही.

त्यांनी परत फिरवली. खांदा लावला. दारावर थापा मारल्या. बाहेर ट्रॉल्या खडखडत होत्या, कुणाला ऐकू जाईना. "फोन बाहेर चार्जिंगला आहे," त्या म्हणाल्या. मग वळून धाकट्याकडे बघितलं. "तुम्ही किल्लीवाले ना?"

"हो."

"मग उघडा की."

धाकट्याने दोन्ही हात मांड्यांखाली घातले. शर्टाच्या खिशात पोलादी पत्ती होती. कायम असते. दाराची जीभ पत्तीने मागे सारायला जितका वेळ लागतो तितक्यात शिंकही पूर्ण होत नाही.

"नाही उघडत," तो म्हणाला.

"म्हणजे येत नाही?"

"येतं. पण नाही उघडणार."

"अहो, का?"

"उघडलं की तुम्ही लिहाल, ह्याला कुलूपबंद जागा उघडता येते. किल्लीशिवाय. चुटकीसरशी."

बाई परत खुर्चीवर बसल्या. दोघं समोरासमोर. खोलीत गरम व्हायला लागलं. बाईंनी पदराने, मग फाइलने वारा घेतला. "राग मानू नका," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "पण मला बंद खोलीत गुदमरतं."

"मलापण," धाकटा म्हणाला. "किती दिवस झाले."

ह्या वेळी बाईंनी लिहून घेतलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. जेवणाच्या गाड्या गेल्याचा वास आला, रिकामी ताटं परत गेल्याचा आवाज आला. बाईंनी अधूनमधून दार ठोठावलं. मग बाहेर पळण्याचा आवाज, आणि दादाचा. "धाकट्या! कुठंयस? धाकट्या, भिंगरी परत..."

मग कसला विचार आणि कसलं काय. पत्ती खिशातून कधी निघाली ते त्यालाही कळलं नाही. खट्, आणि दार उघडं. समोर दादा, थापेसाठी हात वर केलेला. दादाने उघडलेलं दार बघितलं, भावाच्या हातातली पत्ती बघितली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते धाकट्याने आयुष्यात विसरायचं नाही असं ठरवलं, आणि नंतर विसरायचा खूप प्रयत्न केला.

मागून बाई बाहेर आल्या, घामाघूम. "हे सकाळपासून माझ्यासमोर बसलेत," त्या म्हणाल्या. "दार अडकलं होतं. हललेसुद्धा नाहीत. कधी झालं मुलीला?"

"आत्ता," दादा म्हणाला. "जेवण झाल्यावर." आणि त्याचा हात हळूहळू खाली आला.

वॉर्डात सलाइन परत चढलं होतं. सकाळी पोरगी ठणठणीत म्हणून काढलं होतं. वहिनी कॉटच्या कडेला बसून भिंगरीचे पाय चोळत होती. आईला शेजारणीने आणून सोडलं होतं, ती बाकावर कुणाचातरी हात शोधत बसली होती. डॉक्टरबाई आल्या, हातात कालच्या रक्ताचा रिपोर्ट.

"आज काय खाल्लं हिने?" त्यांनी नर्सला विचारलं.

"अंडं आणि दूध. भात टाकला तिने."

"काल घरी?"

"अंडं," आई म्हणाली. "भाताला तोंडच लावलं नाही."

"आणि पहिल्या वेळी?"

सगळे धाकट्याकडे बघायला लागले. "अंडं," तो म्हणाला. "मीच भरवलं. आधी अंडंच देतो मी."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. "म्हणून उपाशी ठेवल्यावर काही झालं नाही. उपाशी होती ना, अंडं कुठून येणार पोटात? मी उपासाच्या मागे लागले. जेवणाकडे बघायला हवं होतं." मग त्या बाकावर बसल्या आणि सगळ्यांना कळेल असं सांगायला लागल्या. "शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा आधी एक लांब साखळी तयार होते. तिचा मधला तुकडा कापला जातो, उरतं ते इन्सुलिन. कापलेला तुकडा पण रक्तातच राहतो. बाटलीतलं इन्सुलिन तयार येतं, त्याच्यासोबत तो तुकडा नसतो. हिच्या रक्तात तुकडे भरपूर आहेत. म्हणजे बाहेरून कुणी काही दिलेलं नाही. हे तिच्याच शरीराने बनवलंय."

धाकट्याला ते इतकं लख्ख समजलं की तो पटकन बोलून गेला, "कीस."

"काय?"

"किल्ली घासली की खाली पितळेचा कीस पडतो. तयार किल्ली आणली तर कीस नसतो. कीस दिसला म्हणजे इथेच घासली."

"तसंच," डॉक्टरबाई म्हणाल्या.

वहिनीने पोरीचे पाय चोळणं थांबवलं. तिने मान वर केली नाही.

"फार थोड्या मुलांना असतं हे," डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या. "एका जीनमधला बिघाड. अंडं, दूध, मांस, डाळ, असलं प्रोटीन पोटात गेलं, त्यातून रिकाम्या पोटी, की इन्सुलिनचा नळ सुटतो आणि वेळेवर बंद होत नाही. रक्तातला अमोनियाही थोडा वर आहे, तीच खूण. खात्रीची तपासणी बाहेर पाठवतेय. औषध आहे, रोज द्यावं लागेल. आणि प्रोटीन बेताने, कधीही आधी नाही. आधी भात. पाव. बटाटा. मग थोडं बाकीचं." त्यांनी दादा-वहिनीकडे बघितलं. "कधी हा बिघाड नव्यानेच होतो. कधी आई नाहीतर बापाकडून येतो. तुमच्यापैकी कुणाला असं जेवल्यावर गरगरतं? घाम? लहानपणी कधी फिट?"

वहिनीने नाही म्हटलं. दादाने चष्मा काढला आणि पुसायला लागला. पुसत राहिला.

"दादा?" धाकटा म्हणाला.

"मला अंड्याचा तिटकारा आहे," दादा काचेकडे बघत म्हणाला. "लहानपणापासून. खाल्लं की हातपाय थरथरायचे, डोळ्यांपुढे काजवे. दुकानात कुणाच्या वाढदिवसाला जबरदस्तीने खायला घातलं तर मी मागे जाऊन बसतो, दोन पाव खातो, मग बरं वाटतं. मला वाटायचं, सगळ्यांनाच होत असेल."

"अरे, तू तर आवडीने खायचास!" आई म्हणाली. "ताट चाटून पुसून."

"मी नाही खायचो. ह्याला द्यायचो."

धाकटा भिंतीला टेकला. टेबलाखालचा तो हात त्याला दिसला. गरम अंडं. खा गुपचूप. सगळं आयुष्य त्याने त्या अंड्याला काय काय समजून घेतलं होतं! तोंडातला घास. भावाचं प्रेम. आणि ते फेडायला म्हणून रोज, जीव लावून, आधी अंडं.

"म्हणजे तू उपाशी राहून देत नव्हतास," तो म्हणाला.

"नाही रे. सुटका करून घेत होतो."

धाकट्याला हसू आलं. ह्या वेळी दादालाही आलं, पण त्याचं लगेच रडं झालं, आणि तो भावाच्या खांद्याला हात लावायला गेला. धाकटा सरकला नाही. पण त्याने हात वरही केला नाही. इतके दिवस हात जागच्या जागी ठेवायची सवय लागली होती.

दादाचं रक्त घेतलं. त्याचाही अमोनिया वर होता. पुढे जीनचा रिपोर्ट आला तो दोघांचा एकच, बापलेकीचा. पण ते नंतर.

घरी आल्यावर वहिनी टपरीवर आली. एरवी ती कधी येत नाही. तिने साखळीतली किल्ली काढून फळीवर ठेवली. "ते कुलूप काढून टाका, भाऊजी." मग म्हणाली, "मी काय काय बोलले..."

"राहू दे कुलूप," धाकटा म्हणाला. "भिंगरी फ्रिज उघडायला शिकलीय. इन्सुलिन कुलपातच बरं."

"मग एक किल्ली तुमच्यासाठी बनवा."

धाकट्याने कोरी किल्ली पकडीत लावली आणि कानस घेतली. त्याला किल्लीची गरज नव्हती, हे वहिनीला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं की तिला माहीत आहे. तरी ती पूर्ण होईपर्यंत उभी राहिली. पितळेचा कीस वर्तमानपत्रावर पडत राहिला. त्याने तो फुंकला नाही.

दुपारी तो वर गेला. बऱ्याच दिवसांनी उंबरा ओलांडला. आई गॅलरीत ऊन खात बसली होती. वहिनी आत शिवणयंत्रावर. दादा कामावर. म्हणजे त्याला भिंगरीपाशी एकटं सोडलं होतं, मुद्दाम. तो विश्वास होता. त्याला कळत होतं.

त्याने भात कालवला. भिंगरी समोर बसली, तोंड उघडून, जसं काही मधे काही झालंच नाही. एक घास. दुसरा. ताटाच्या कडेला डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तेवढंच अंडं, नखाएवढं, आणि शेजारी साखरेचं मशीन. भात पोटात गेला. भिंगरीने अंड्याकडे बोट दाखवलं. "अं."

धाकट्याने ते बोटावर घेतलं. हात तिथेच थांबला. औषध चालू होतं, भात झाला होता, माप बरोबर होतं. कुणीही बघत नव्हतं. तेच नको होतं त्याला. आता तिला काही झालं तर सांगायला कुणी नव्हतं, की हा फक्त भरवत होता.

"अं!" भिंगरी ओरडली.

"थांब गं," तो म्हणाला, आणि आतल्या खोलीकडे मान वळवून हाक मारली. "वहिनी, जरा इथे येऊन उभ्या राहता का?"

शिवणयंत्र थांबलं. वहिनी आली, दाराला टेकून उभी राहिली. काय, का, काही विचारलं नाही. मग त्याने पोरीच्या तोंडात घास घातला.